नॉम पेनचं पाणी कसं सुधारलं : दोन पाणीपुरवठा संस्थांच्या भागीदारीचं एक प्रकरण

१९९३ साली कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेनमध्ये, पाणी शुद्ध करायच्या प्लांटमधून जेवढं पाणी सोडलं जायचं त्यातल्या ७२ टक्के पाण्याचा हिशेबच लागत नव्हता. काही गळून जात होतं, काही चोरलं जात होतं, काहींच्या नळाला मीटरच नव्हतं. पाणी यायचं दिवसाचे दहाएक तास, तेही शहरातल्या जेमतेम चौथ्या भागाला, आणि पाइपातलं प्रेशर होतं ०.२ बार. ०.२ बार म्हणजे पाणी दोन मीटर वर चढेल एवढाच जोर, पहिल्या मजल्यावर पोचायचं तर सोडाच. पुढे पंधरा-सोळा वर्षांत हेच शहर ९० टक्क्यांच्या वर लोकांना २४ तास पाणी द्यायला लागलं, प्रेशर २.५ बारच्या आसपास गेलं आणि हिशेबात न लागणारं पाणी ६ टक्क्यांवर आलं. नळाचं पाणी थेट पिण्यालायक असल्याचं तिथली पाणीपुरवठा संस्था उघडपणे सांगायला लागली.

ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते, पण सांगताना गळती, वसुली आणि मॅनेजमेंट यावरच जोर असतो, पाण्याच्या क्वालिटीचा विषय मागे पडतो. मला त्याच बाजूने हे प्रकरण मांडायचंय, कारण यात जपानच्या किताक्युशू शहराच्या पाणीपुरवठा विभागाचा जो वाटा आहे तो क्वालिटीकडून बघितल्याशिवाय नीट कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

आधी पार्श्वभूमी. नॉम पेनला नळाचं पाणी फ्रेंच राजवटीत १८९५ साली आलं. १९७५ मध्ये ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट संघटनेने सत्ता घेतली आणि सगळं शहर रिकामं करून लोकांना खेड्यापाड्यांत हाकलून दिलं. १९७९ मध्ये लोक परत यायला लागले तेव्हा पंप, फिल्टर, पाइप सगळं जुनं झालं होतंच, पण त्याहून मोठं नुकसान माणसांचं झालं होतं, हे सगळं चालवणारे इंजिनियर आणि कामगार यातले फार थोडे जिवंत राहिले होते. प्लांट कसा चालवायचा हे कागदावर कमी आणि डोक्यात जास्त असतं, आणि ती डोकीच गेली. माझ्या मते या प्रकरणाची गुरुकिल्ली इथेच आहे, कारण पैसे आणि पाइप बाहेरून आणता येतात पण रात्रपाळीला कुठला व्हॉल्व्ह किती फिरवायचा, फिल्टर धुवायची वेळ झाली हे कशावरून ओळखायचं, हे ज्ञान फक्त ते काम रोज करणाऱ्या दुसऱ्या माणसाकडूनच येतं.

१९९३ मध्ये संस्थेच्या प्रमुखपदी एक् सोन चान आले, स्वतः इंजिनियर, ख्मेर रूजच्या काळातून वाचलेले. त्याच वर्षी जपानच्या सरकारी मदत संस्थेने, जायकाने, शहराचा मास्टर प्लॅन करून दिला. फ्रान्स, जागतिक बँक, आशियाई विकास बँक यांनीही पैसा घातला. जुने पाइप बदलले, जाळं २८० किलोमीटरवरून १३०० किलोमीटरच्या पुढे गेलं, प्रत्येक नळाला मीटर बसवायला घेतलं. मीटर बसवायला गेल्यावर एका लष्करी जनरलने सोन चान यांच्या डोक्याला पिस्तूल लावल्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे, ते मागे हटले पण पोलिसांना घेऊन परत आले आणि त्याचं कनेक्शन तोडलं. १९९६ मध्ये सरकारने संस्थेला स्वायत्तता दिली, म्हणजे स्वतःचा पैसा स्वतः ठेवायचा, पगार ठरवायचे, माणसं नेमायची. १९९७ आणि २००१ मध्ये पाण्याचे दर वाढवले आणि गरीब घरांना कनेक्शनच्या खर्चात ३० टक्क्यांपासून पूर्ण १०० टक्क्यांपर्यंत सूट दिली. हे सगळं त्यांचं स्वतःचं काम आहे, बाहेरच्या कुणी केलेलं नाही, आणि हे झालं नसतं तर पुढची भागीदारी कागदावरच राहिली असती हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

आता क्वालिटीकडे येऊ. पाणी थांबून थांबून सोडलं जातं तेव्हा काय होतं ते बघा. पाइप जमिनीत, आजूबाजूला सांडपाण्याने भिजलेली माती, पाइपाला जागोजागी भोकं आणि सांधे सुटलेले. पाणी चालू असतं तोवर आतलं प्रेशर बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणून पाणी बाहेर गळतं. पाणी बंद झालं की आतलं प्रेशर पडतं आणि तीच भोकं उलट्या दिशेने काम करायला लागतात, बाहेरची घाण आत येते. त्यात लोक पाणी कमी येतं म्हणून पाइपाला थेट मोटर लावतात, ती मोटर पाणी ओढते आणि पाइपात निर्वात तयार होऊन शेजारच्या भोकातून आणखी घाण खेचली जाते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की पहिला लोट ती सगळी घाण घेऊन घराघरांत जातो. प्लांटमध्ये कितीही चांगलं शुद्ध केलेलं पाणी असो, नळापर्यंत ते तसंच पोचेल याची कसलीच खात्री नाही. म्हणून गळती शोधणं, बेकायदा नळजोड काढणं, २४ तास प्रेशर ठेवणं ही कामं वरवर हिशेबाची वाटली तरी ती पाणी शुद्ध ठेवायचीच कामं आहेत, आणि ज्या संस्थेत लॅबवाले एका इमारतीत आणि गळतीवाले दुसऱ्या इमारतीत बसून एकमेकांशी बोलत नाहीत तिथे हे कधीच जमत नाही.

किताक्युशूची माणसं इथूनच आत आली. हे शहर १९६३ मध्ये पाच शहरं एकत्र करून झालं, पोलाद आणि केमिकलच्या कारखान्यांचं शहर, तिथल्या दोकाई उपसागराला १९६० च्या दशकात मेलेला समुद्र म्हणायचे एवढं प्रदूषण होतं. नंतर त्यांनी ते साफ केलं आणि तो अनुभव दुसऱ्या देशांना द्यायचं शहराचं धोरणच झालं. १९९९ मध्ये तिथल्या पाणीपुरवठा विभागाचा माणूस जायकामार्फत पहिल्यांदा नॉम पेनला गेला. हा कन्सल्टिंग कंपनीतला सल्लागार नव्हता, आपल्या शहरात रोज पाणी पोचवायचं काम करणारा कर्मचारी होता. हा फरक लहान वाटतो पण समोरचा ऑपरेटर त्याच्याशी कसा बोलतो ते याच्यावर ठरतं, ज्याला स्वतः रात्री दोन वाजता फुटलेल्या पाइपावर उभं राहावं लागलंय त्याच्यासमोर अडचण सांगायला कुणाला लाज वाटत नाही.

सुरुवातीचं मोठं काम होतं जाळ्याचे ब्लॉक पाडायचं. शहराचं वितरण जाळं वेगवेगळ्या भागांत तोडायचं, प्रत्येक भागाच्या तोंडाशी फ्लो मीटर आणि प्रेशर गेज बसवायचे आणि ते आकडे टेलिमीटरने, म्हणजे लांबून आकडे पाठवणाऱ्या यंत्राने, थेट कंट्रोल रूममध्ये आणायचे. किताक्युशूत हीच पद्धत वापरत होते. याचा खरा उपयोग मध्यरात्रीनंतर कळतो. दोन ते चारच्या दरम्यान शहर झोपलेलं असतं, कुणी फारसं पाणी वापरत नाही, तेव्हा एखाद्या ब्लॉकमध्ये पाणी अजून जोरात जात असेल तर ते कुठेतरी गळतंय किंवा चोरलं जातंय एवढाच अर्थ. मग आख्ख्या शहरात भटकायची गरज नाही, त्या ब्लॉकमध्ये जाऊन पाइपावर कान लावायचा. यात नॉम पेनवाल्यांनी आपली भर घातली, भागाभागाला टीम नेमल्या, ज्या टीमने पाण्याचा तोटा कमी केला तिला जादा पैसे दिले, आणि बेकायदा नळजोडाची खबर देणाऱ्याला बक्षीस ठेवलं. तंत्र जपानचं, राबवायची रीत त्यांची स्वतःची. असं झालं नाही तर तंत्र टिकत नाही, तज्ज्ञ विमानात बसले की स्क्रीनवरचे आकडे बघायला कुणी उरत नाही.

प्लांटमधलं काम मला यापेक्षाही महत्त्वाचं वाटतं, त्यामुळे त्यावर थोडं सविस्तर.

नॉम पेनजवळ मेकाँग, तोन्ले साप आणि बासाक या नद्या मिळतात आणि शहराचे प्लांट याच नद्यांचं पाणी उचलतात. तोन्ले सापचा प्रकार तर जगावेगळा आहे, पावसाळ्यात मेकाँग एवढी फुगते की ही नदी उलटी वाहायला लागते, पाणी वरच्या मोठ्या तलावात भरतं आणि पावसाळा संपला की प्रवाह परत सरळ होऊन तलावाचं पाणी खाली यायला लागतं. म्हणजे नदीतून पाणी उचलायच्या त्याच जागी वर्षाच्या वेगवेगळ्या काळात वेगळ्याच ठिकाणचं पाणी येतं. आज बसलेला तुरटीचा डोस दोन महिन्यांनी चालेलच असं नाही, कधी दोन दिवसांनीही चालत नाही.

हा डोस ठरवायचा तर जार टेस्ट करावी लागते. एका रांगेत सहा भांडी, प्रत्येकात एक लिटर नदीचं कच्चं पाणी, प्रत्येकात तुरटीचा डोस थोडा थोडा वाढवत न्यायचा. आधी मिनिटभर जोरात ढवळायचं म्हणजे तुरटी सगळीकडे पसरते, मग वेग अगदी कमी करून पंधरा-वीस मिनिटं हळूहळू फिरवत ठेवायचं. बघता बघता मातीचे न दिसणारे कण एकमेकांना चिकटून कापसासारखे पुंजके व्हायला लागतात. मग ढवळणं थांबवायचं आणि पुंजके खाली बसू द्यायचे. एखाद्या भांड्यात पुंजके बारीकच राहतात आणि पाणी धुरकट दिसतं, तिथे डोस कमी पडला. एखाद्यात पाणी छान निवळतं. त्याच्या पुढच्या भांड्यातही निवळलेलं असेल तर जास्तीची तुरटी फुकट गेली, वर पाण्याचा पीएच खाली ओढला गेला तो वेगळाच. वरचं पाणी काढून गढूळपणा मोजायचा आणि ज्या सगळ्यात कमी डोसला काम झालं तो प्लांटला लावायचा. परीक्षा एवढीच, अर्धा-पाऊण तासाची. पण ती कच्चं पाणी बदललं की लगेच करायला हवी, आणि ती करायचा अधिकार पाळीवर असलेल्या माणसाला हवा. डोस बदलायला साहेबांची सही लागत असेल आणि साहेब सकाळी दहाला येणार असतील तर रात्रभर गढूळ पाणी फिल्टरवर जात राहतं, फिल्टर तुंबतात, बारीक कण पलीकडे निसटतात. हे कण नुसते दिसायला वाईट नसतात, जंतू त्यांच्या आडोशाला राहतात आणि क्लोरिन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की क्लोरिन घालायच्या आधी पाण्याचा गढूळपणा शक्यतो १ एनटीयूच्या (एनटीयू म्हणजे गढूळपणा मोजायचं एकक) खाली आणा.

२००३ मध्ये जायकाचा क्षमता वाढवायचा प्रकल्प सुरू झाला त्याचा पहिला टप्पा नेमका यावरच होता. पाण्याची तपासणी, प्लांटचं रोजचं ऑपरेशन, विजेच्या आणि यंत्रांच्या देखभालीचं काम, वितरण. किताक्युशूचे कर्मचारी आळीपाळीने येऊन राहायचे आणि नॉम पेनचे कर्मचारी तिकडे जाऊन काम बघून यायचे. कोण काय करतो, कधी करतो, कुठल्या आकड्याला काय पाऊल उचलायचं, याच्या कामाच्या लेखी पद्धती तयार केल्या. ऐकायला हे कंटाळवाणं वाटतं, पण ज्या संस्थेची जाणती माणसं एका पिढीत नाहीशी झाली तिच्यासाठी कागदावर उतरवलेली पद्धत म्हणजे पुन्हा तसं व्हायला नको याची तजवीज आहे.

उरलेल्या क्लोरिनचंही तसंच. प्लांटमधून निघताना क्लोरिन किती हे सगळेच मोजतात, खरा प्रश्न शेवटच्या नळाला किती उरलं हा आहे. जागतिक आरोग्य संघटना तिथे किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर सांगते, जपानचा कायदा नळाला किमान ०.१ मागतो. तपासणी सोपी आहे, छोट्या बाटलीत पाणी घ्या, डीपीडी नावाच्या रसायनाची पूड टाका, क्लोरिन असेल तर पाणी गुलाबी होतं, जेवढं गडद तेवढं जास्त. पाणी बिनरंगाचंच राहिलं तर त्या नळाच्या मागे कुठेतरी काहीतरी बिघडलंय, पाइपात घाण शिरली असेल, पाणी फार वेळ पडून राहिलं असेल नाहीतर डोसच कमी गेला असेल. आता हे ब्लॉकशी जोडून बघा. ज्या ब्लॉकमध्ये रात्रीचा फ्लो वाढलाय आणि त्याच ब्लॉकच्या टोकाला क्लोरिन गायब आहे, तिथे आधी कुठे खणायचं ते ठरवायला मीटिंग लागत नाही. लॅब आणि वितरण यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवायची ही सवय मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात उचलण्यासारखी गोष्ट वाटते, याला मोठा पैसा लागत नाही.

एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती विसरली जाते. कंबोडियात मेकाँगच्या काठच्या काही भागांत, खासकरून राजधानीला लागून असलेल्या कांदाल प्रांतात, बोअरच्या पाण्यात आर्सेनिक सापडतं. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. तिथे नळाचं नदीचं पाणी शुद्ध करून पोचवणं ही चैन नाही, लोकांना त्या बोअरपासून सोडवायचा तो सरळ मार्ग आहे.

दुसरा टप्पा २००७ ते २०११. इथे भागीदारीचा आकारच बदलला. राजधानीबाहेरच्या आठ प्रांतांत, म्हणजे बात्तंबांग, सिएम रीप, पुर्सात, कांपोंग थोम, कांपोंग चाम, स्वाय रिएंग, कांपोत आणि सिहानुकव्हिल इथे, देणग्यांतून नवे-जुने प्लांट उभे झाले होते पण चालवणारी तयार माणसं नव्हती. या वेळी शिकवायला किताक्युशूच्या बरोबरीने नॉम पेनचेच कर्मचारी उभे राहिले. काही वर्षांपूर्वी जे स्वतः जार टेस्ट शिकत होते ते आता बात्तंबांगच्या ऑपरेटरला शिकवत होते, तेही आपल्या भाषेत, मध्ये दुभाष्या न घेता. दुभाष्यामार्फत शिकवताना तुरटीचं प्रमाण सांगता येतं, पण पुंजके बघून हे अजून बरोबर नाही, थांब, असं जे सांगायचं असतं ते मध्येच हरवतं. शिवाय नॉम पेनच्या माणसाला माहीत असतं की सुटा भाग मागवला तर किती महिने लागतात आणि वीज गेली तर जनरेटरला डिझेल कोण देणार. जपानी तज्ज्ञाला हे माहीत असायचं काही कारण नाही.

इथेच या प्रकरणाची कमकुवत बाजूही दिसते आणि ती झाकून उपयोग नाही. नॉम पेनची संस्था स्वायत्त होती. प्रांतांतल्या बहुतेक संस्था मंत्रालयाच्या हाताखाली होत्या, सिएम रीपला तेवढी २००७ मध्ये स्वायत्तता मिळाली. म्हणजे ऑपरेटर उत्तम शिकला, त्याला कळलं की क्लोरिनचा डोसिंग पंप बदलायला झालाय, पण तो विकत घ्यायचा निर्णय आणि पैसा त्याच्या संस्थेच्या हातात नाही. ट्रेनिंगने माणसाला चूक दिसायला लागते, ती दुरुस्त करायची ताकद ट्रेनिंगमधून येत नाही. २०१२ ते २०१७ च्या तिसऱ्या टप्प्यात सगळा जोर प्रांतिक संस्थांच्या मॅनेजमेंटवर, हिशेब आणि बिझनेस प्लॅनवर दिला गेला तो म्हणूनच योग्य होता, माझ्या मते तो दुसऱ्या टप्प्याबरोबरच सुरू व्हायला हवा होता.

दरम्यान कौतुकही भरपूर झालं. २००६ मध्ये सोन चान यांना मॅगसेसे पुरस्कार, २०१० मध्ये संस्थेला स्टॉकहोमचा इंडस्ट्री वॉटर अवॉर्ड, २०१२ मध्ये कंबोडियाच्या शेअर बाजारात नोंद झालेली पहिली कंपनी हीच. २०१६ मध्ये किताक्युशू आणि नॉम पेन भगिनी शहरं झाली. जागतिक पातळीवरही हा विचार पुढे गेला, संयुक्त राष्ट्रांच्या पाणीविषयक सल्लागार मंडळाच्या २००६ च्या हाशिमोतो कृती आराखड्यात पाणी संस्थांनी एकमेकांना नफ्याशिवाय मदत करावी अशी कल्पना मांडली गेली, आणि २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शहरं आणि वस्त्यांचं काम बघणाऱ्या युएन-हॅबिटाट या संस्थेच्या छत्राखाली अशा भागीदाऱ्यांसाठी जागतिक आघाडी उभी राहिली. किताक्युशूने स्वतः पुढे व्हिएतनामच्या हायफोंग शहराबरोबर काम केलं. तिथला प्रश्न वेगळा, नदीच्या पाण्यात अमोनिया आणि सेंद्रिय घाण, अमोनिया क्लोरिन खाऊन टाकतो आणि क्लोरिन वाढवला की सेंद्रिय घाणीबरोबर मिळून नको ती रसायनं तयार होतात. तिथे त्यांनी खालून वर पाणी सोडून जंतूंकडूनच अमोनिया काढून घेणारा आपला फिल्टर दिला, तो आधी २०१३ मध्ये विन्ह बाओच्या छोट्या प्लांटवर बसवला आणि मगच हायफोंगच्या मोठ्या अन दुओंग प्लांटकडे वळले. नॉम पेनचा धडा जसाच्या तसा हायफोंगवर लादला नाही, आधी तिथलं पाणी तपासलं, हे मला फार आवडलं.

नॉम पेनमध्ये आज सगळं सुखात आहे असंही नाही. शहर एवढ्या वेगाने वाढलं की मागणी प्लांटच्या क्षमतेच्या पुढे गेली आणि कडेच्या वस्त्यांत प्रेशर कमी पडायला लागलं. २०२३ मध्ये बाखेंगचा नवा प्लांट सुरू झाला तो त्यासाठीच. प्रेशर कमी पडलं की वर सांगितलेलं सगळं, मोटर लावणं, पाइपात घाण शिरणं, परत सुरू व्हायची भीती असते. त्यामुळे अशी भागीदारी कुणाला आखायची असेल तर माझं सांगणं असं की करारात किती लोकांना ट्रेनिंग दिलं हा आकडा लिहायच्या आधी तीन गोष्टी लिहून घ्या : जाळ्याच्या कुठल्या टोकांच्या नळांना क्लोरिन आणि प्रेशर मोजणार, रात्रपाळीच्या ऑपरेटरला डोस बदलायचा अधिकार कोण देणार, आणि बिघडलेला पंप बदलायचा पैसा कुणाच्या सहीने निघणार. तिसऱ्याचं उत्तर दूरच्या कुठल्यातरी मंत्रालयात असेल तर आधी तिथे जाऊन बसा, जार टेस्टची भांडी नंतर पाठवली तरी चालतील.